अंदाज कारणासकट: परभणी परिसरातल्या प्रकल्प नोंदी

1 फेब्रुवारी

आजपासून रोज संध्याकाळी सात वाजता हवामानाचा दोन मिनिटांचा आवाजी संदेश. परभणी, सेलू, मानवत आणि जिंतूर तालुक्यांतले शेतकरी गटात आधीपासून आहेत. वसमतचे हळदवाले आणि जालन्याकडचे काही द्राक्ष-मोसंबीवाले या आठवड्यात जोडले गेले. काम एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालवायचं.

पहिला नियम सगळ्यांनी मिळून ठरवला. इशारा हवामान विभागाचाच. मुंबईचं प्रादेशिक हवामान केंद्र आपल्या जिल्ह्यांना जो रंग देतं, हिरवा, पिवळा, नारिंगी वा लाल, तो आम्ही जसाच्या तसा सांगणार. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तोही तसाच पुढे जाणार. आम्ही भर घालायची ती कारणाची: आभाळात नेमकं काय जुळून येतंय, ते किती दिवस टिकेल आणि शेतकऱ्याने आपल्या बांधावरून काय बघावं.

हे करावंसं वाटलं, कारण 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' एवढ्या ओळीवर कोणालाच निर्णय घेता येत नाही. तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर. आपलं गाव त्यात आहे का, हे त्या ओळीत नसतंच. इकडे हरभरा उपटून पडलेला, मळणीयंत्र उद्याच मिळणार, ताडपत्री एकच. कारण कळलं तर निदान मुदत तरी कळते. वरून सरकत जाणारा द्रोण, म्हणजे उंचावरच्या हवेतला कमी दाबाचा लांबट पट्टा, असेल तर दोन दिवसांत निघून जातो, मळणी तेवढीच पुढे ढकलायची. खालचा दमट वारा ठाण मांडून बसला असेल तर आठवडाभर रोज दुपारनंतर धोका, मग सकाळी लवकर काम उरकलेलं बरं.

4 फेब्रुवारी

पर्जन्यमापक आणि लाकडी पेटी महाविद्यालयाच्या मोकळ्या पटांगणात बसवली. झाडापासून आणि भिंतीपासून पुरेशी लांब. कोरड्या आणि ओल्या फडक्याच्या तापमापकाची नोंद सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान विभागाच्या वेळेलाच, नाहीतर आकडे शेजारी ठेवून बघता येत नाहीत.

पहाटे चांगलीच थंडी. काश्मीर-हिमाचलवरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, पुढे गेला आणि त्याच्या मागून उत्तरेची कोरडी हवा इथवर उतरली. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, त्यामुळे रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून गेली. विद्यापीठाच्या शेतातला पारा गावातल्यापेक्षा कमी का दिसतो, हा प्रश्न आज पुन्हा आला. मोकळं रान लवकर निवतं. सिमेंट आणि डांबर दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत सोडत राहतं. दोन्ही आकडे खरेच.

9 फेब्रुवारी

पुढचे सगळे संदेश ज्यावर उभे राहणार आहेत ते चित्र आज सविस्तर लिहून काढलं.

हिवाळ्यात समुद्रसपाटीपासून साधारण 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वेगवान वाऱ्यांचा झोत उत्तर भारतावर असतो. भूमध्य समुद्राकडून निघालेले विक्षोभ त्याच्याच सोबतीने येतात, हिमालयात बर्फ आणि पंजाब-हरियाणात पाऊस देऊन जातात. बहुतेकांचा आपल्याशी संबंध थंडीपुरता. पण हिवाळा संपता संपता कधी कधी या पश्चिमी वाऱ्यांना दक्षिणेकडे खोल वळण पडतं आणि तो द्रोण थेट महाराष्ट्रापर्यंत उतरतो. तेव्हा आपल्या डोक्यावर पाच-सहा किलोमीटर उंचीवर नेहमीपेक्षा थंड, कोरडी हवा येते आणि द्रोणाच्या पूर्वेच्या अंगाला हवा वर उचलली जाते.

याच दिवसांत खाली दुसरीच घडामोड चालू असते. बंगालच्या उपसागरावर जास्त दाबाचं क्षेत्र तयार होतं. त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, म्हणजे त्याच्या दक्षिण आणि पश्चिम अंगाचे वारे समुद्रावरची वाफ घेऊन आंध्र-तेलंगणावरून आपल्याकडे येतात. नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर हे त्यांच्या थेट वाटेवर. पश्चिमेकडून मात्र वायव्येचा कोरडा वारा येत असतो. हे दोन वारे जिथे एकमेकांना भेटतात तो पट्टा बऱ्याचदा विदर्भ-मराठवाड्यावरून कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत जातो. अवकाळीचे ढग प्रामुख्याने याच पट्ट्यात उठतात.

तिसरा घटक आपली काळी जमीन. ज्वारी-हरभरा निघाल्यावर रान उघडं पडतं, वरचा थर कोरडा ठक्क होतो आणि दुपारी लवकर तापतो. खाली तापलेली आणि ओली हवा, वर थंड हवा, आणि वर उचलणारा द्रोण: हे एकाच दुपारी जमलं की गडगडाट ठरलेला.

रोज बघायच्या गोष्टी यातूनच निघाल्या. दीड किलोमीटर उंचीवर वारा कुठून येतोय, आग्नेयेकडून की वायव्येकडून? (परभणी समुद्रसपाटीपासून चारेकशे मीटरवर आहे, त्यामुळे हा वारा आपल्या डोक्यावर किलोमीटरभरच असतो.) त्या उंचीचं तापमान आणि साडेपाच-सहा किलोमीटरवरचं तापमान यांत किती अंतर? ते 30 अंशांच्या पलीकडे गेलं की सावध. पेटीतल्या ओल्या फडक्यावरून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं; तो जितका जास्त तितकी हवा ओली) किती निघतो आणि तो रोज चढतोय का? वरच्या हवेची मोजमापं नागपूर आणि हैदराबादच्या फुग्यांवरून मिळतात. हे फुगे पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला मोजतात.

13 फेब्रुवारी

कृषी सहायक ताईंनी शेतावरून निरोप दिला: तीन दिवस ढगाळ, हरभऱ्यावर घाटेअळी वाढली, आंब्याच्या मोहरावर तुडतुडे आणि भुरी. पाऊस थेंबभरही नाही. अशा आभाळाचं नुकसान पावसाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही, म्हणून नोंदवहीत ढगांचा वेगळा रकाना आखला.

हे ढग उंचावरचे, पातळ. वरच्या झोताबरोबर अरबी समुद्राकडून ओढले गेलेले. खाली हवा कोरडीच आहे, दवबिंदू 10 च्या आसपास. यातून जोराचा पाऊस येत नाही, हे संदेशात ठामपणे सांगितलं. रात्री मात्र उबदार राहतील, कारण ढग जमिनीची ऊब अडवून धरतात.

17 फेब्रुवारी

ढग सरले आणि दुपारचा पारा एकदम वर. महाशिवरात्रीला 'शिव शिव' म्हणत थंडी जाते असं आपण म्हणतो. यंदा थेट पंखेच लागले.

कारण सरळ आहे. वायव्येचा कोरडा वारा, स्वच्छ ऊन, आणि वर जास्त दाबामुळे खाली दबत येणारी हवा. दबणारी हवा तापते, ढग होऊ देत नाही. कोरडी हवा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून दुपारी 34 आणि पहाटे 15 असा टोकाचा फरक. हरभरा वाळतोय म्हणून काहींना हे ऊन बरंच वाटतंय, पण उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा अजून चिकात आहे. या वेळी सलग ऊन लागलं तर दाणा लवकर पक्व होतो आणि बारीक राहतो. मार्च 2022 मध्ये देशात हेच झालं: 1901 पासूनच्या नोंदींत तो सर्वांत उष्ण मार्च ठरला, उत्तरेतला गहू बसला आणि 13 मे 2022 ला सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. फेब्रुवारीही आता बदलतोय. कमाल तापमानात 2023 चा फेब्रुवारी आणि सरासरी तापमानात 2025 चा फेब्रुवारी देशातला 1901 नंतरचा सर्वांत उष्ण ठरला.

संदेशात गव्हाला संध्याकाळी हलकं पाणी, एवढंच ठेवलं. दोन मिनिटांत याहून जास्त मावत नाही.

22 फेब्रुवारी

जुळवाजुळव दिसू लागली. पाच दिवसांच्या जिल्हानिहाय इशाऱ्यात 24 आणि 25 तारखेला पिवळा रंग: मेघगर्जना, विजा, ताशी 30 ते 40 किलोमीटरचा वारा. दीड किलोमीटरवरचा वारा कालपर्यंत वायव्येचा होता, आज आग्नेयेकडे वळला. पश्चिमेकडून द्रोण येतोय.

आज संध्याकाळचा संदेश इथे पूर्ण उतरवून ठेवतो, कारण नमुना म्हणून तो पुढे लागेल:

'राम राम मंडळी. हवामान विभागाने परवा आणि तेरवा आपल्या जिल्ह्याला पिवळा इशारा दिलाय. कारण असं: खाली उपसागराकडून ओली हवा यायला सुरुवात झालीय, वरून उत्तरेची थंड हवा परवा दुपारपर्यंत पोचेल. दोन्ही एकत्र आल्या की दुपारी तीननंतर ढग चढतील. पाऊस सगळीकडे नसेल. ज्या गावावर ढग येईल तिथे मात्र वारा जोराचा असेल, गाराही पडू शकतात. हा द्रोण पुढे सरकणारा आहे, 26 तारखेपासून आभाळ मोकळं व्हायला हवं. ज्यांचा हरभरा उपटलेला आहे त्यांनी उद्या दिवसभरात मळणी करून घ्यावी. ज्यांचं यंत्र परवा ठरलंय त्यांनी दुपारी बाराच्या आत काम उरकावं. हळद शिजवलेली असेल तर परवा सकाळी पसरायची घाई नको. उद्या संध्याकाळी पुन्हा सांगतो.'

लगेच फोन आले. वसमतच्या एका काकांचं म्हणणं, 'कुकर भाड्याने आणलाय सर, तो थांबत नाही. शिजवू का नको तेवढं सांगा.' शिजवण्याला पावसाचा धोका नाही, धोका वाळवणाला. शिजवलेली हळद भिजली की रंग जातो, बुरशी धरते आणि मोंढ्यात भाव पडतो. म्हणून उत्तर दिलं: उद्या शिजवा, पण शेडमध्ये मावेल तेवढीच.

24 फेब्रुवारी

आजची नोंद तासागणिक.

सकाळी 8.30: कोरडा पारा 23, ओला 19. दवबिंदू 17 निघतो. आठवड्यापूर्वी तो 10 होता. अंगाला चिकट वाटतंय, वारा उगवतीकडून.

11.00: आभाळ स्वच्छ. 'कुठंय पाऊस?' असे निरोप यायला लागले. स्वच्छ आभाळ आज उलट जास्त काळजीचं, कारण जमीन पूर्ण तापणार. हे गटात लगेच सांगितलं.

14.00: 34 अंश. नैऋत्येला पांढरे, कोबीसारख्या माथ्याचे ढग.

15.10: इन्सॅट उपग्रहाच्या चित्रात बीड जिल्ह्याच्या पूर्वेला दोन ठिपके, ढगमाथ्याचं तापमान झपाट्याने उतरतंय. माथा जितका थंड तितका ढग उंच. हवामान विभागाने पुढच्या तीन तासांसाठी नारिंगी इशारा दिला. गटात एक ओळ: 'रानात असाल तर आता घरी या, जनावरं झाडाखालून सोडा.'

15.50: उगवतीचा वारा पडला. पाच-सात मिनिटं पान हललं नाही. मग मावळतीकडून गार वारा, धुळीचा लोट, पत्रे वाजायला लागले. पारा काही मिनिटांत नऊ अंशांनी खाली. हा वारा ढगातूनच येतो: पाऊस आणि गारा पडता पडता भोवतालची हवा थंड आणि जड करतात, ती जमिनीवर आदळून चहूकडे पसरते.

16.05: पटांगणात पाऊस, गारा नाहीत. 11 मिलिमीटर.

16.40: सेलू-जिंतूरच्या सीमेवरून फोटो. बोराएवढ्या गारा, काही लिंबाएवढ्या.

25 फेब्रुवारी

सकाळपासून गावागावांत फोन. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न: गार पडली का, किती वेळ, केवढी. उत्तरं नकाशावर टिपत गेलो तेव्हा एक अरुंद पट्टा समोर आला, नैऋत्येकडून ईशान्येकडे गेलेला. रुंदी कुठे दीड, कुठे तीन किलोमीटर. पट्ट्यातली ज्वारी आडवी, कणसं फुटलेली. बांधापलीकडची ज्वारी उभी.

ज्यांचं गेलं त्यांच्याशी बोलताना शब्द सुचत नव्हते. एका आजींनी चार महिन्यांची ज्वारी आणि वर्षाचा कडबा अशा दोन्हींचा हिशेब एका दमात सांगितला. पंचनाम्यासाठी तलाठ्याला कधी कळवायचं, फोटो कसे काढायचे, 33 टक्क्यांच्या वर नुकसान असल्याखेरीज मदत बसत नाही, हे सगळं सांगितलं. अंदाज सांगणाऱ्याने नुकसानीच्या दिवशीही फोनवर हजर राहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हा पट्टा आधी सांगता आला असता का? नाही, आणि हे गटात स्पष्ट बोललो. संगणकी प्रारूपं हवेचे चौकोन पाडून गणित करतात. मे 2025 मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमचा चौकोन 6 किलोमीटरचा, त्याआधी तो 12 चा होता. दीड किलोमीटरचा गारांचा पट्टा त्या एका चौकोनातच हरवतो. दोन दिवस आधी दुपार सांगता येते, जिल्हा सांगता येतो. गाव फक्त अर्धा-पाऊण तास आधी, ढग उठल्यावर.

1 मार्च

जिंतूरकडच्या एका दादांनी त्या दिवशीच्या मोठ्या गारा डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. आज बर्फाच्या पेटीतून आणल्या. सर्वांत मोठी साडेतीन सेंटिमीटर. सुरी गरम करून मधोमध कापली आणि काळ्या पाटीवर ठेवली. मध्यभागी ज्वारीच्या दाण्याएवढा दुधाळ गाभा. त्याभोवती काचेसारखं पारदर्शक कडं, मग पुन्हा दुधाळ, आणि बाहेर पारदर्शक खडबडीत कवच. पोरं पाटीवरून डोकं उचलेनात.

यातून ढगाच्या पोटातलं बरंच कळतं. शून्याखाली गेलेल्या ढगातही पाणी द्रवच राहू शकतं, उणे वीस अंशांपर्यंत आणि त्याही खाली. अशा थेंबांना बर्फाचा कण धडकला की ते त्यावर गोठतात. जिथे थंडी कडक आणि पाणी कमी, तिथे थेंब क्षणात गोठतो, हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधाळ होतो. जिथे पाणी भरपूर, तिथे ते सावकाश गोठतं, बुडबुडे निसटतात आणि थर पारदर्शक राहतो. म्हणजे ही गार ढगाच्या वेगवेगळ्या भागांतून फिरून आली. एवढ्या गारेला खाली न पडू देता वर तोलून धरायचं तर ढगातला वर जाणारा वारा ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा तरी हवा.

मग पावसाळ्यात एवढे ढग असून गारा का पडत नाहीत, हा प्रश्न एका मुलीने विचारला. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी साडेपाच किलोमीटरच्या आसपास असते. सध्या ती साडेचारच्या जवळ आहे. पावसाळ्यात हवेचा सगळा स्तंभच दमट आणि उबदार, त्यामुळे वर जाणारा वारा इतका जोराचा होत नाही, आणि झालेली बारीक गार खाली येताना वितळून थेंब बनते. शिवाय आत्ता खालचा वारा आग्नेयेचा आणि वरचा जोराचा पश्चिमेचा. या फरकाने ढग तिरका राहतो, पाऊस एका बाजूला पडतो, वर जाणारी हवा दुसऱ्या बाजूने चालू राहते. ढग स्वतःच्याच पावसाने विझत नाही, म्हणून तो गाव ओलांडून पुढे जातो.

2014 मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत हीच मांडणी पुन्हा पुन्हा जमत राहिली आणि मराठवाडा गारांनी झोडपला गेला. 11 फेब्रुवारी 2018 ला जालना-बीडकडे झालेली गारपीटही गटातल्या अनेकांना तपशीलवार आठवते. दोन्ही वेळचे नकाशे काढून यंदाच्या नकाशाशेजारी लावले. द्रोणाचा खालपर्यंत उतरलेला बाक तिन्हींत दिसतो.

6 मार्च

पिवळा इशारा होता. दवबिंदू 16, दुपार 36 अंशांची. तरीही ढग चढला नाही. गटात नाराजी: यंत्र थांबवून ठेवलं होतं.

हैदराबादच्या फुग्याची सकाळची मोजणी बघितल्यावर उलगडा झाला. दोन किलोमीटरच्या आसपास कोरड्या, उष्ण हवेचा एक थर होता, पातेल्यावरच्या झाकणासारखा. खालची ओली हवा वर गेली, त्या थराला लागली आणि थांबली. जमीन अजून दोन-तीन अंश तापली असती किंवा द्रोण थोडा जवळ आला असता तर झाकण उघडलं असतं, आणि इतका वेळ दाबून ठेवलेली ऊर्जा एकदम सुटल्यामुळे ढग फार जोराचा झाला असता.

यापुढे अशा दिवशी संदेशात दोन्ही शक्यता सांगायच्या: 'आज बहुधा काही होणार नाही, पण झालं तर जोराचं होईल.' शेतकऱ्याला हे वाक्य समजतं. रोज बाजारभावाचा असाच अंदाज तो बांधत असतो.

11 मार्च

रडार असताना ढग आधी का दिसत नाही, यावर आज सविस्तर बोललो. रडारची किरणं सरळ जातात आणि पृथ्वी खाली वाकत जाते. हैदराबादचं रडार परभणीपासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरवर. त्याची अर्ध्या अंशाने उचललेली किरणं इथे पोचतात तेव्हा जमिनीपासून सहा-सात किलोमीटर वर असतात. म्हणजे दिसतो तो फक्त ढगाचा माथा. ढग जन्माला येताना, तीन-चार किलोमीटरवर असताना, तो किरणांच्या खालूनच निघून जातो. नागपूर त्याहून लांब. मराठवाड्याच्या मध्यभागाला जवळचं रडार हवं, ही मागणी मी याच हिशेबावर मांडतो आणि मांडत राहीन.

तोवर उपग्रहाचं अर्ध्या तासाचं चित्र आणि गटातली माणसं. आता नैऋत्येकडच्या गावांनी ढग दिसताच ईशान्येकडच्यांना कळवायचं, अशी साखळी बांधली. गंगाखेडकडचा फोन पहिला.

15 मार्च

काल संध्याकाळी विजा. पाऊस नाममात्र.

आज संदेशात दुसरं काही घेतलं नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा. तेवढे किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आपण धोक्यात आहोत, आडोसा पक्क्या घराचा किंवा बंद गाडीचा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. लिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली थांबू नका, विजेच्या मोटारीला हात लावू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना शेजाऱ्याने हाक मारायची. सालगडी आणि खुरपणाऱ्या बायका रानात सर्वांत उशिरापर्यंत असतात, आणि फोन बहुधा मालकाकडे असतो. म्हणून हा निरोप मालकांनी नावानिशी पोचवायचा, अशी विनंती केली.

21 मार्च

दिवस-रात्र समसमान. सूर्य विषुववृत्तावर, इथून पुढे तो आपल्याकडे येतो.

'सर, हे सगळं हवामान बदलामुळेच का?' हा प्रश्न जवळपास रोज येतो, आज उत्तर नीट तयार केलं. एखाद्या दुपारच्या एखाद्या गारपिटीवर तसं बोट ठेवता येत नाही. आजोबांच्या काळातही गारा पडत होत्या. पण ज्या साहित्यातून वादळ बनतं ते बदलतंय. हवा एक अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. समुद्र तापतोय, म्हणजे वाफेचा पुरवठा वाढतोय. शून्य अंशाची पातळी वर सरकली तर बारीक गारा वाटेतच वितळतील. पण ढगात जोर जास्त असेल तर मोठ्या गारा अजून मोठ्या होऊ शकतात. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि ऐकणाऱ्याला ते पटलं.

27 मार्च

पडताळणी. चार रकाने: सांगितलं आणि झालं, सांगितलं पण झालं नाही, न सांगता झालं, सांगितलं नाही आणि झालंही नाही. शेवटचा रकाना सर्वांत मोठा असतो आणि त्यात कौतुकाचं काही नाही, म्हणून यश मोजताना तो बाजूला ठेवला.

दिसलं ते असं. द्रोण वरून येतो तेव्हा दोन-तीन दिवस आधीचा इशारा भक्कम निघतो, कारण असा द्रोण हजारो किलोमीटरचा असतो आणि प्रारूपांना तो आधीपासून दिसतो. नुसत्या खालच्या ओल्या हवेवर आणि दुपारच्या तापण्यावर उठलेले ढग मात्र निसटतात. न सांगता झालेल्यांत हेच जास्त. म्हणून मार्चच्या उत्तरार्धात, द्रोण वर सरकू लागल्यावर, सकाळचा दवबिंदू आणि दुपारी एकचा पारा यांना जास्त वजन द्यायचं.

लोकांनी काय केलं हेही विचारलं. वसमतच्या काकांनी 24 फेब्रुवारीची हळद शेडमध्ये ठेवली होती, ती वाचली. मानवतच्या दोघा भावांनी इशाऱ्यावर विसंबून मळणी रात्रीच उरकली. गारांच्या पट्ट्यातल्या उभ्या ज्वारीला मात्र कोणताच इशारा वाचवू शकत नव्हता, आणि ज्यांची ज्वारी गेली त्यांना हे आम्ही याच शब्दांत सांगितलं.

3 एप्रिल

दीड किलोमीटरवरचा वारा तीन दिवस वायव्येचा, दवबिंदू 6. ज्वारी बहुतेक निघाली, कडब्याच्या गंजी लागल्या. गव्हाची उरलेली मळणी निर्धास्त करा, असा आज संदेश.

इथून विषय उष्णतेचा. मैदानी भागात पारा 40 च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल तर हवामान विभाग उष्णतेची लाट धरतो. 6.4 अंशांच्या पलीकडे तीव्र लाट. पारा 45 ला टेकला तर सरासरी न बघताही लाटच. आपल्याकडे एप्रिलअखेर 40-41 नेहमीचंच, त्यामुळे लाट जाहीर झाली नाही म्हणून ऊन कमी, असं कोणी समजू नये.

नोंदवहीच्या प्रती साखळीतल्या प्रत्येक गावात एक अशा दिल्या. गंगाखेडकडच्या गावाला स्वतःचा पर्जन्यमापक हवाय, जूनच्या आत बसवायचा. उद्यापासून संदेश संध्याकाळऐवजी पहाटे सहाला, कारण रानातली कामं आता सातच्या आत सुरू होऊन अकराला थांबतात.